परळावरची गर्दी कुठे गेली? अंगणातल्या पक्ष्यांचे वर्षावर्षाचे चढउतार

माण तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगतो: "२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात कडुनिंबाखालच्या पाण्याच्या परळावर (पसरट मातीच्या भांड्यावर) सकाळ-संध्याकाळ झुंबड असायची. चिमण्या, बुलबुल, साळुंक्या, होले, सातभाई, एकदा तर हळद्यासुद्धा आला. २०२५ ला त्याच्या निम्मेही पक्षी नाहीत. झाड तेच, परळ तोच, दाणेही तेच. शेजारी म्हणतात मोबाइलच्या टॉवरमुळे झालं. पक्षी संपत चाललेत का? आणि मी काय करू? जास्त दाणे टाकू का?"

ताई, दोन वर्षांच्या फरकावरून पक्षी संपत चाललेत असं म्हणता येत नाही. उलट माझ्या मते तुमच्या परळावरची निम्मी घट तरी चांगल्या पावसाने केलेली आहे. असं का म्हणतो ते नीट सांगतो.

मी फलटणच्या बाजूचा. तुमच्याइतका नाही, पण आमचाही भाग दुष्काळाच्या कडेचा. १९९८ पासून घरच्या अंगणातले पक्षी वहीत टिपतोय. आमच्याकडेही कडुनिंब आहे, एक बोर, एक लिंबू, मागे जास्वंदीचं कुंपण आणि चौकाच्या कोपऱ्यात परळ. इतक्या वर्षांच्या वह्या एकदा जमिनीवर पसरून बसलो होतो. एप्रिल-मेची पानं काढली आणि सगळ्यांत जास्त पक्षी कोणत्या वर्षी आले ते बघितलं. आली ती वर्षं अशी: २००३, २०१३, २०१६, २०१९, २०२४. माणदेशातल्या माणसाला या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. हे सगळे टँकरचे उन्हाळे आहेत. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला आणि ओढे, नाले, पाझर तलाव होळीआधीच कोरडे पडलेले.

तुम्ही ज्या वर्षाशी तुलना करताय तेच घ्या. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट होता. आपल्याकडे त्या साली विहिरींना पाणी चढलंच नाही. पुढचा उन्हाळा, म्हणजे २०२४ चा, आला तेव्हा रानात पाणी म्हणायला जनावरांच्या हौदातलं आणि तुमच्या परळातलं. तीन-चार किलोमीटरच्या टापूतले पक्षी तुमच्या कडुनिंबाखाली गोळा होत होते. एरवी ओढ्याकाठच्या झाडीतून बाहेर न पडणारा हळद्या अंगणात उतरला, यातच काय ते आलं. ती गर्दी तहानेची होती. पक्षी वाढले नव्हते, पाणी कमी झालं होतं.

२०२५ ला काय झालं तेही आठवा. २०२४ चा पावसाळा चांगला गेला होता, त्यामुळे ओढ्यांना पाणी टिकलं. मग मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. मुंबईत मोसमी पाऊस २६ मे ला दाखल झाला. एरवी त्याची तारीख ११ जून, आणि १९५० पासून इतक्या लवकर तो तिथे कधी पोहोचला नव्हता. आपल्याकडे फलटण-बारामतीच्या पट्ट्यात त्या शेवटच्या आठवड्यात मे महिना आहे की आषाढ असा प्रश्न पडावा इतका कोसळला. रानात जागोजागी पाणी साचलं, महिन्याभरात बांधावर गवत आलं, गवतावर किडे आले. अशा वेळी माणसाच्या पायाखाली, मांजराच्या तावडीत येऊन परळातलं पाणी प्यायला कोण येईल? बाहेर पिकलं की अंगण ओस पडतं, बाहेर जळलं की अंगण भरतं. माझ्या वहीत हे इतक्या वेळा दिसलंय की आता मार्चमध्येच परळावर गर्दी वाढायला लागली की मला आनंद होत नाही, काळजी वाटते.

दुसरी एक गोष्ट हळूच सांगतो. तुम्ही पक्ष्यांकडे बारकाईने बघायला कधी लागलात? बहुतेक २०२४ मध्येच. एवढे पक्षी एकदम दिसले म्हणून. असंच होतं सगळ्यांचं. ज्या वर्षी अंगण फुलून येतं त्याच वर्षी आपलं लक्ष जातं, आणि ते वर्ष आपल्या मनात मापाचं होऊन बसतं. त्याच्या पुढचं साधं वर्षसुद्धा मग घट वाटते. दर हिवाळ्यात मला लोकांचे फोन येतात, "या वर्षी पक्षीच नाहीत." मी विचारतो, २०२२ ला किती होते? त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

पण ताई, सगळं श्रेय पाण्याला देऊन मोकळं होणं बरोबर नाही. तुमच्या अंगणात खरोखरची थोडी घटही झालेली असणार. त्याचं कारण त्याच मे महिन्यात आहे. आमच्या लिंबाच्या झाडावर, छातीच्या उंचीला, लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं होतं. बारीक मुळ्या, वाळक्या गवताच्या काड्या आणि वरून कोळ्याच्या जाळ्याचे धागे गुंडाळून केलेली ती वाटी तुम्ही बघितली असेल, आपल्या ओंजळीत सहज मावेल एवढी. तीन अंडी, गुलाबीसर पांढरी, वर तांबडे ठिपके. २० मे च्या सुमाराला तिन्ही फुटली. पिल्लांना डोळे उघडायच्या आत पाऊस लागला. मादी पंख पसरून वाटीवर बसायची, पाणी तिच्या पाठीवरून दोन्ही बाजूंनी ओघळायचं, नुसती शेपटी आणि चोच वर. नर तासातासाने यायचा तो रिकाम्या चोचीने, कारण असल्या झडीत किडे उडत नाहीत, अळ्या पानांखाली दडतात. मादी उठली तर पिल्लं गारठणार, नाही उठली तर उपाशी राहणार. तिसऱ्या दिवशी सकाळी ती वाटीच्या काठावर उभी होती. आत बघायची, परत इकडे-तिकडे बघायची. दुपारी दोघंही निघून गेली. मी जवळ जाऊन पाहिलं तेव्हा तिन्ही पिल्लं एकमेकांना चिकटून थंड पडली होती.

अशी घरटी त्या आठवड्यात आपल्या भागात किती गेली असतील याचा अंदाजच केलेला बरा. एप्रिल-मे-जून हा बुलबुल, होले, साळुंक्या, दयाळ, शिंजीर यांचा विणीचा भर. पण त्याच पावसाने दुसऱ्या कुणाचं भलं केलं. वटवट्या, मुनिया आणि सुगरण यांची वीण पावसाळ्यातली. त्यांना उंच गवत लागतं, बी लागतं. त्याच साली जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या बांधावर मुनियांची गोल गोल घरटी इतकी होती की गवत कापायला माणूस लावला नाही. तेव्हा "पक्षी कमी झाले" हे वाक्य फार मोठं आहे. कोणता पक्षी, हे आधी विचारायचं. एकाच वर्षी बुलबुल खाली आणि मुनिया वर असं अगदी सर्रास घडतं. तुमच्या परळावर बुलबुल-साळुंक्यांचा भरणा जास्त, म्हणून तुम्हाला घटच दिसली.

आता एक साधा हिशेब मांडून बघू, म्हणजे चढउतार किती मोठे असू शकतात हे ध्यानात येईल. समजा तुमच्या वाडीत फेब्रुवारीत बुलबुलाच्या पाच जोड्या आहेत, म्हणजे दहा पक्षी. वर्ष बरं गेलं आणि प्रत्येक जोडीची तीन पिल्लं उडाली, तर ऑगस्टमध्ये पंचवीस बुलबुल झाले. वाडीत पाच जोड्यांपुरतीच जागा, म्हणजे कुंपणं, फळझाडं, खाणं. मांजर, शिक्रा, धामण, भारद्वाज, उपासमार, आजार आणि दुसऱ्या गावी निघून जाणारे, असे करत पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा दहा-बारा उरतात. लहान पक्ष्यांमध्ये पहिल्याच वर्षी बहुतेक पिल्लं दगावतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण तसं नसतं तर आपल्याला घरात बुलबुलांमुळे पाय ठेवता आला नसता. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना एकाच वर्षात संख्या दहाची पंचवीस आणि पंचवीसची दहा होते. तुम्ही गेल्या साली ऑगस्टमध्ये मोजलं आणि यंदा फेब्रुवारीत, तर तुम्हाला भयंकर घट दिसणार. तिथे घट नाहीच, फक्त महिना वेगळा आहे.

महिन्याचा प्रश्न दिसण्याशीही जोडलेला आहे. दयाळ फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत पहाटे शेंड्यावर बसून गातो, तेव्हा आंधळ्यालाही कळतं दयाळ आहे म्हणून. भाद्रपद-आश्विनात तो पिसं टाकतो, अंग चोरून झुडपात असतो, हूं का चूं करत नाही. तो तिथेच असतो, पण वहीत शून्य येतो. तांबटाचं तेच, कोकिळेचं तर फारच. आणि एखादा शिक्रा आठवडाभर तुमच्या कडुनिंबावर मुक्कामाला आला तर परळ ओस पडलाच म्हणून समजा. आमच्याकडे एकदा डिसेंबरात शिक्र्याची मादी पंधरा-वीस दिवस राहिली. त्या काळातल्या पानावर नुसत्या रेघा आहेत.

खाण्याची झाडंही पक्ष्यांना इकडून तिकडे ओढत असतात. वड, पिंपळ, उंबर यांची फळं सगळ्या झाडांवर एकाच वेळी पिकत नाहीत. गावाबाहेरचा एखादा वड लाल झाला की तांबट, कोकीळ, साळुंक्या, हरियाल, सगळे तिकडे. आठ-दहा दिवस तुमचं अंगण रिकामं. माघ-फाल्गुनात पळस-पांगारा फुलला की शिंजीर, साळुंक्या, कोतवाल तिथे रसासाठी जमतात. तेव्हा पक्षी कुठे गेले असं वाटलं की सायकल काढून गावाबाहेर एक चक्कर मारून यावी. दहातल्या सात वेळा उत्तर तिथे सापडतं.

पाहुण्या पक्ष्यांचा हिशेब तर अगदीच वेगळा. धोबी आणि थिरथिऱ्या दसऱ्याच्या आगेमागे येतात, ते बऱ्यापैकी नेमाने. पण भोरड्यांचं बघा. आपल्याकडे ज्वारीच्या शेतात माळा बांधून, गोफण घेऊन ज्यांच्यासाठी पोरं बसवत, त्याच त्या गुलाबी-काळ्या भोरड्या. संध्याकाळी भिगवण-उजनीच्या बाजूला त्यांचे हजारोंचे थवे धुरासारखे आभाळात वळतात. त्यांची वीण मध्य आशियात होते आणि तिथे ती टोळ-नाकतोड्यांच्या भरवशावर असते. तिकडे नाकतोडे भरपूर तर पिल्लं भरपूर, नाहीतर ते वर्ष वाया. त्यामुळे आपल्या गावात एका साली आभाळ झाकून टाकतील इतक्या भोरड्या आणि दुसऱ्या साली चार-दोन थवे, हे होतच राहतं. त्याचं कारण आपल्या शेतात शोधून सापडत नाही. शिवाय ज्वारी कमी झाली, कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, म्हणून त्या थव्यांनी वाट बदलली तर ती गोष्ट निराळी, आणि ती एका वर्षात दिसत नाही.

इथेच मला सगळ्यांत महत्त्वाचं सांगायचंय. वर्षावर्षाचे हे चढउतार आपल्याला दोन्हीकडून फसवतात. काही घटलेलं नसताना ते आपल्याला घाबरवतात, आणि खरोखर घटत असताना "होतं असं कधीकधी" म्हणून झोपवतातही. दुसरी फसवणूक मला जास्त महागात पडली.

आमच्या मळ्यात जुनी विहीर होती, धावेची, मोटेच्या काळातली. काठावर बाभळ होती, तिच्या फांद्या पाण्यावर आडव्या आलेल्या. त्या फांद्यांना सुगरणीची घरटी लटकायची. खाली पाणी असल्याने साप, मांजर जवळ जात नाही, म्हणून त्यांना विहिरीवरची बाभळ आवडते. सालिम अलींनी १९३० साली रायगड जिल्ह्यातल्या किहीमला याच पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला होता. घरटं नर बांधतो, अर्धं झालं की मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते, आणि मग नर दुसरं घरटं बांधायला घेतो, हे त्यांनी तिथे पाहून जगाला सांगितलं. आमच्या बाभळीवर एखाद्या साली पंचवीस-तीस घरटी, एखाद्या साली दहा-बारा. पाऊस ओढला की कमी, चांगला झाला की जास्त. मला तो खेळ पाठ झाला होता. मग सगळ्या शिवारात बोअर झाल्या. विहिरीचं पाणी खाली गेलं, बाभळ एका बाजूने वाळायला लागली. घरटी कमी झाली तेव्हा मी म्हटलं, पाऊस कमी झाला. पुढच्या साली थोडी वाढली तेव्हा म्हटलं, बघा, आलीच की परत. दर वेळी मी फक्त मागच्या वर्षाकडे बघत होतो. एके वर्षी चुलत्यांनी विहीर बुजवली, पोरंबाळं पडतील म्हणून, आणि त्यांचंही बरोबर होतं. तेव्हा वह्या काढून बघितल्या. चांगल्या वर्षाचा आकडा दर खेपेला आधीच्या चांगल्या वर्षापेक्षा लहान होत गेला होता, वाईट वर्षाचाही तसाच. उतार सरळ समोर होता. दहा-बारा वर्षं मी त्यावर उभा होतो आणि मला तो दिसला नव्हता. वेळीच दिसला असता तर ती विहीर जाळी टाकून राखण्याबद्दल चुलत्यांशी बोललो असतो.

देशाच्या पातळीवर हाच उतार दिसायला हजारो लोकांच्या नोंदी लागल्या. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल आला. सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर तो आधारलेला होता. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटलेल्या निघाल्या. शिकारी पक्षी आणि बदकांना जास्त फटका बसलाय. पारवे, कोकीळ आणि मोर मात्र वाढलेत. गिधाडांचं तर तुम्हाला माहीत असेल. जनावरांना टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेल्यामुळे पंधराएक वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली एकही धड उरली नाहीत. २००६ ला त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. तेव्हा खरी घट होते यात शंका नाही, आणि म्हणूनच ती ओळखायची रीत आपल्याला नीट यायला हवी.

चिमण्यांचं वेगळं सांगतो, कारण तुमचे शेजारी टॉवरकडे बोट दाखवतात. टॉवरमुळे चिमण्या गेल्या याला ठोस पुरावा नाही. २०२० च्या अशाच अहवालात चिमण्यांची संख्या देशभर एकंदरीत टिकून असल्याचं दिसलं होतं. घट होती ती मोठ्या महानगरांमध्ये. टॉवर तर खेडोपाडी झालेत. माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं ते साधं आहे. पूर्वीच्या धाब्याच्या घरात तुळई आणि भिंतीच्या सांध्यात, वाशांच्या फटीत, सोप्यातल्या तसबिरीमागे चिमणीला जागा होती. बाई सुपात जोंधळे पाखडायची, चार दाणे अंगणात सांडायचे. स्लॅबच्या घराला फट नसते आणि दळण डब्यातून गिरणीत जातं. पत्र्याच्या वळचणीला चिमणी घरटं करते खरी, पण एप्रिलच्या उन्हात पत्रा तापला की पिल्लं खाली टाकलेली सापडतात. आणि चिमणीची पिल्लं पहिले काही दिवस दाण्यावर जगत नाहीत, त्यांना अळ्या-किडे लागतात. अंगण फरशीचं केलं आणि मागच्या भेंडी-गवारीवर आठवड्याला फवारणी सुरू झाली की दाण्याची रास लावूनही चिमणीची पिल्लं वाढत नाहीत. तुमच्या गावात गेल्या दहा वर्षांत धाब्याची किती घरं पडून स्लॅबची झाली, हे मोजा. चिमण्यांबद्दलचं उत्तर तिथून जास्त मिळेल.

म्हणून दाणे वाढवू नका. दाण्याने पारवे आणि साळुंक्या वाढतात, लाजऱ्या पक्ष्यांना त्यांची दाटी सोसत नाही. शिवाय एका जागी रोज दाटी झाली की आजार पसरतो. साळुंक्यांच्या, पारव्यांच्या डोळ्यांभोवती, पायांवर फोड आलेले दिसले तर पंधरा दिवस दाणे-पाणी दोन्ही बंद ठेवा, पक्षी पांगू द्या. एखादा पक्षी मेलेला सापडला तर ठीक आहे, रोजचंच आहे. पण दोन-तीन दिवसांत पाच-दहा कावळे झाडाखाली पडले तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे असेच पटापट मेले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. अशी साथ एका गावातले कावळे एका महिन्यात कमी करू शकते आणि दोन-चार वर्षांत ते परत भरूनही येतात.

परळ मात्र राहू द्या, गर्दी असो नसो. दोन बोटं खोल, कडा खडबडीत, दर दोन दिवसांनी नारळाच्या काथ्याने घासून पाणी बदललेला. शेवाळ धरलेला परळ असण्यापेक्षा नसलेला बरा. झुडपापासून सात-आठ फूट लांब ठेवा, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही. आणि कुंपणाला एखादी बोर, करवंद, मेंदी अशी दाट काटेरी झाडी वाढवू शकलात तर बुलबुलांना परळापेक्षा तिचा उपयोग जास्त. उघड्या लिंबावर भिजून मेलेली ती तीन पिल्लं दाट मेंदीत कदाचित तगली असती, असं मला आजही वाटतं.

राहिलं मोजण्याचं. तुम्ही मोजावं असं मला मनापासून वाटतं, कारण माण-खटावच्या बाजूच्या अंगणांतल्या नोंदी फार थोड्या आहेत. पुण्या-मुंबईच्या बागांतल्या ढिगाने आहेत. आठवड्यातला एक वार ठरवा, समजा रविवार. सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या तासात पंधरा मिनिटं एकाच जागी बसा, ओट्यावर म्हणा. चहा घेऊन बसलात तरी चालेल. प्रत्येक जातीचे एका वेळी एकदम किती दिसले, तो सगळ्यांत मोठा आकडा लिहा. चार चिमण्या आल्या, उडाल्या, पुन्हा चार आल्या तर त्या आठ धरायच्या नाहीत, चारच. त्याच त्या असू शकतात. अंगणात उतरलेले आणि वरून उडत गेलेले वेगळे लिहा. बाजूला एक ओळ: पाऊस पडला का, ओढ्याला पाणी आहे का, कडुनिंबाला निंबोळ्या आहेत का, शेजारी काही तोडलं-पाडलं का. ही एक ओळ आकड्यांइतकीच मोलाची आहे. २०२४ ला तुम्ही "ओढा कोरडा" एवढे दोन शब्द लिहून ठेवले असते तर आज हा प्रश्न पडलाच नसता.

पक्ष्यांची नावं येत नसतील तर येतात तेवढीच घ्या. चिमणी, बुलबुल, साळुंकी, होला, सातभाई, कावळा एवढ्या सहांची नोंद दहा वर्षं नेमाने झाली तर ती एका वर्षात साठ जाती टिपण्यापेक्षा उपयोगाची. जागा, वेळ, मिनिटं बदलू नका. परळ दोनाचे चार केलेत तर त्या तारखेला वहीत लाल शाईने लिहा, कारण त्यानंतरचे आकडे आधीच्यांशी जुळणार नाहीत. पहिली तीन वर्षं त्यातून काही निष्कर्ष काढायचा नाही. पाचव्या वर्षी फेब्रुवारीची फेब्रुवारीशी, मे ची मे शी तुलना करा. चांगल्या वर्षाची चांगल्याशी आणि दुष्काळी वर्षाची दुष्काळीशी. दोन्ही ओळी सारख्या खाली येत असतील तर मात्र मला लगेच कळवा, आपण कारण शोधू.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते. भारतात ती २०१३ पासून चालू आहे. मोबाइलवर ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या अ‍ॅपमध्ये नोंद भरता येते, पंधरा मिनिटांची यादीसुद्धा चालते. मुलांना शाळेत शिकवलं तर तीच भरून देतील. त्यात एक प्रश्न येतो, "दिसलेले सगळे पक्षी नोंदवलेत का?" तिथे खरं तेच उत्तर द्या, कारण न दिसलेल्या पक्ष्याचा हिशेब त्याच उत्तरावरून लावला जातो.

येत्या रविवारी सुरुवात करा. साधी दोनशे पानी वही पुरे. पहिल्या पानावर तारीख घाला, ओढ्याला पाणी आहे की नाही ते लिहा. पंधरा मिनिटांत परळावर एकही बुलबुल आला नाही तरी ओळ कोरी सोडू नका, बुलबुलापुढे शून्य लिहा.